भिंतीवरचा मासा

"पोट वर करून पडलेल्या माशाचं मी रोज सकाळी उठून दर्शन घेते," सिस्टर म्हणाली, "आणि त्याच्यासमोर उभी राहून चहा करते. आता बास झालं."

नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता विचारलं, "मासा काय म्हणतो?"

"मासा म्हणतो, टाइल्स बदला."

ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणत. थट्टेथट्टेत नवऱ्यालाही तीच सवय लागली होती आणि सासूबाईंनी कितीदा टोकलं तरी ती सुटली नव्हती. नुकतीच ती वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली होती आणि त्या आनंदात तिनं वॉर्डातल्या सगळ्याजणींना चहाला बोलावून टाकलं होतं. बोलावून झाल्यावर तिला ओट्यामागची भिंत आठवली.

ती भिंत सासऱ्यांची करणी. सासरे म्हणजे स्वस्तात मिळाली तर चाक नसलेली सायकलसुद्धा घरी आणतील असे गृहस्थ. दुकानादुकानांतून उरल्यासुरल्या टाइल्स गोळा करून त्यांनी स्वतःच्या हातांनी भिंतीला लावल्या होत्या. शेगडीच्या मागे द्राक्षांचा उठावदार घड, मग काही साध्या टाइल्स, मध्येच एक फुगीर शिंपला, पुन्हा साध्या, आणि टोकाला मासा. तोही घाईत उलटा बसलेला. साध्या टाइल्सचा पांढरा रंगसुद्धा एक असेल तर शपथ.

सासूबाईंनी उभा जन्म त्या भिंतीला नावं ठेवली होती. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचं ते चालूच होतं. त्यामुळे निदान या बाबतीत तरी सासू आपल्या बाजूनं बोलेल, अशी सिस्टरची खात्री होती.

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "चांगली आहे की भिंत."

सिस्टर बघतच राहिली. सासूबाईंनी मान जराशी वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे तिरकं बघितलं. ही नजर आताशा तिच्या चांगलीच ओळखीची झाली होती. पूर्वी समोरासमोर भांडणाऱ्या सासूबाई गेली दोनेक वर्षं तिच्याकडे सरळ बघतच नसत. आपण कामावर जातो, घर त्यांच्यावर टाकतो, ते डोळ्यांत खुपतं, दुसरं काय, असं सिस्टरनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. आता मुख्य सिस्टर झाल्यावर तर आणखी खुपत असेल.

"आई, मी ठरवलंय," ती म्हणाली.

ठरवणं सोपं होतं. दुकानात गेल्यावर तिला काचेसारख्या निळ्या टाइल्स आवडल्या आणि नवऱ्याला त्यांचा भाव ऐकून दुकानातली खुर्ची आवडली. तो तिथंच बसून राहिला. घरी येऊन गवंड्यानं भिंतीवर बोटानं टकटक केली आणि मान हलवली.

"ह्या टाइल्स भिंतीनं धरलेल्या नाहीत, ताई. टाइल्सनी भिंत धरलीय. काढायला गेलो तर प्लॅस्टर सगळं ओट्यावर. मग भिंतच नवी करावी लागेल."

भिंतच नवी करण्याइतकं अंथरूण मोठं नव्हतं, पाय कितीही लांब पसरायचे म्हटले तरी. शेवटी मार्ग नवऱ्यानंच काढला. तो सासऱ्यांचाच मुलगा. टाइल्सचं चित्र छापलेले पातळ पत्र्याचे तक्ते मिळतात, जाड चिकटपट्टीनं जुन्या भिंतीवर लावायचे, फोडाफोड नाही की धूळ नाही. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायकोनं मिळून ते लावले. एक तक्ता तिरका गेला, त्यावरून थोडी बाचाबाची झाली आणि संध्याकाळपर्यंत भिंत आरशासारखी गुळगुळीत, निळीशार दिसायला लागली. सिस्टर तीनतीनदा स्वयंपाकघरात जाऊन बघून आली.

"बघा तरी, आई."

सासूबाई दारात आल्या. "छान आहे," म्हणाल्या आणि परत जाऊन पलंगावर बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाक सोडला. "आता तूच कर बाई, मला कंटाळा आला," एवढंच सांगितलं. ज्या बाईनं ताप असतानाही ओटा कुणाला दिला नव्हता, तिला कंटाळा आला. सिस्टर ड्यूटीवरून दमून यायची आणि घाईघाईत काहीतरी शिजवायची. नवरा निमूट जेवायचा.

"रुसल्यात," एकदा ती त्याला म्हणाली. "भिंत माझ्या मनासारखी झाली ना."

"मग मी पण रुसू का? ही भाजी खाऊन इच्छा होतेय."

चहाचा दिवस जवळ आला तसा तिचा राग वाढत चालला. एका दुपारी ड्यूटीची अदलाबदल झाली म्हणून ती लवकर घरी आली. दार उघडंच होतं. चपला काढता काढता तिला स्वयंपाकघरात सासूबाई दिसल्या. ओट्यासमोर उभ्या राहून त्या निळ्या भिंतीवर तळवा फिरवत होत्या. इकडून तिकडे, परत इकडे. मग त्यांनी तक्त्याच्या कडेखाली नखं घातली आणि पत्रा उचकटायला लागल्या.

"आई, काय चाललंय?"

सासूबाईंनी हात झटकन पदराखाली घेतला. "कुठं काय. बघत होते."

"आवडली नसेल भिंत तर तोंडावर सांगा. मी घरात नसताना उचकटता कशाला?" तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "एवढी एक गोष्ट मी हौसेनं केली."

बोलण्यात कधी हार न जाणाऱ्या सासूबाईंनी पुन्हा भिंतीवर तळवा टेकवला. मग अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, "मासा कुठं गेला गं?"

"मासा? आहे की तिथंच. पत्र्याखाली."

"माझ्या हाताला लागत नाही."

सिस्टरच्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली. बाळंतिणीच्या नुसत्या कण्हण्यावरून डॉक्टरांना बोलवायचं की नाही हे ओळखणारी बाई ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं पुढं होऊन सासूबाईंच्या तोंडासमोर हात धरला.

"किती बोटं आहेत?"

"कितीका असेनात. माझ्या नाकात घालू नकोस म्हणजे झालं."

"आई."

सासूबाई स्टुलावर बसल्या. "समोर बघितलं की मधोमध धुकं येतं," त्या म्हणाल्या. "कडेनं दिसतं. दार दिसतं, शेगडी दिसते, तू आलीस तेही दिसलं. पण ओट्यावरचे तुझे ते हौसेचे डबे, सगळे एकसारखे. कुठल्यात काय ते कळेना. शिंपल्याखाली मीठ, माशाखाली साखर. हात फिरवला की काम भागत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला शेगडीजवळ उभं राहू दिलं असतंस? तू नर्स. खाटेवर बसवून हातात फळं दिली असतीस. ह्या घरात मला करण्यासारखं एक रांधणंच उरलंय. तेवढं जाऊ द्यायचं नव्हतं मला."

सिस्टरनं अगदी तेच केलं असतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. एकाएकी तिला काहीतरी आठवलं.

"आणि माझ्याकडे तिरकं बघता, ते?"

"सरळ बघितलं तर तुझ्या तोंडाच्या जागी नुसता डाग दिसतो. तोंड बघायचं तर मान वळवायला लागते."

"मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

"तेही असतं अधूनमधून," सासूबाई म्हणाल्या.

सिस्टर हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. दोन वर्षं आपण ज्या नजरेला खुन्नस समजत होतो, ती आपलं तोंड दिसावं म्हणून धडपडत होती, हे तिला सहन होईना. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता चहा टाक. की तोही मीच टाकू?"

"तुम्हीच टाका," सिस्टर म्हणाली. तिनं तक्त्याच्या कडेखाली बोटं घातली आणि जोर लावून ओढला. पत्रा चर्रकन निघाला. खाली मासा होता, पोट वर करून, अंगाला चिकटपट्टीचा डिंक लागलेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजलाय. गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते जपता येईल. घरात उजेड भरपूर ठेवा. मग भिंतीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले जे उरले होते त्यातून ओट्यावर लख्ख दिवा आला. शेगडीजवळ कुणीतरी घरात असतानाच जायचं, असं सिस्टरनं बजावलं. सासूबाईंनी कुरकुरत कबूल केलं. उरलेले तक्ते नवऱ्यानं काढले. प्रत्येक पत्र्यागणिक तो एक उसासा टाकत होता. पण आईच्या हातच्या भाजीचा वास नाकात गेला आणि त्याचे उसासे थांबले. फेकून द्यायचं तर त्याच्या जिवावर आलं असतं. ते सगळे पत्रे कपाटाच्या आत लागले. आता कपडे काढायला गेलं की निळं स्वयंपाकघर दिसतं.

चहाच्या दिवशी वॉर्ड घरात लोटला. हसण्यानं, बोलण्यानं स्वयंपाकघर भरून गेलं. सासूबाईंनी ओटा कुणालाच दिला नाही. एक नवी नर्स भिंतीकडे बघत राहिली.

"हा मासा उलटा का लावलाय?"

सिस्टर काही बोलायच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी लावला. जन्मभर सगळं स्वस्तातलं आणलं त्यांनी. मी जन्मभर बोलले. आता ऐकायला नाहीत, तर सांगावंसं वाटतं, की हे एक आणलं ते फार मोलाचं आणलं."

पातेल्यात चहा वर आला. दिव्याच्या उजेडात सासूबाईंचा हात भिंतीवरून निघाला, द्राक्षांवरून शिंपल्यावर, शिंपल्यावरून माशाच्या पोटावर, आणि सरळ खाली साखरेच्या डब्यावर आला. चहा गाळून झाल्यावर त्यांनी पहिला कप उचलला आणि सुनेसाठी पुढं केला.

सिस्टर समोरून दोन पावलं बाजूला सरकली, ओट्याच्या कडेला, जिथं ती त्यांना कडेनं दिसेल. सासूबाईंना मान वळवावी लागली नाही. त्यांनी तिला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "केस विंचरायचे होतेस गं, चार बायका यायच्या होत्या."