चष्म्यांची अदलाबदल

चष्म्याच्या त्या कारखान्यात दर वर्षी डार्टची स्पर्धा व्हायची, आणि अंतिम सामन्याला एक जगावेगळा नियम होता. दोन्ही खेळाडूंनी आपले चष्मे उतरवायचे, एकमेकांना द्यायचे आणि दुसऱ्याचा चष्मा घालून बाण मारायचे. का? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीपासून आहे, म्हणून आहे. मग बाण फळी सोडून सगळीकडे जायचे, कधी दारात, कधी कॅलेंडरात, आणि भिंगांच्या पॉलिशवर बसणाऱ्या बाया एका सुरात म्हणायच्या,

"सुटला गं बाण, गेला भिंतीच्या घरी,
फळी बाई ताटकळली, उभी राहिली दारी!"

त्या सुरात सूर मिसळून भिंगरीही आजवर पोट धरून हसत आली होती. यंदा मात्र तिचं हसू पळालं, कारण यंदा अंतिम सामन्यात ती स्वतः होती.

भिंगरी हे तिचं टोपणनाव. काम भिंगं तपासायचं, आणि पाय कधी एका जागी ठरायचे नाहीत. तिचं टेबल जिन्याखालच्या कोपऱ्यात होतं. तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे आणि संध्याकाळपर्यंत तिचं कपाळ ठणकू लागे. जिंकणाऱ्याला या स्पर्धेत कप नव्हता की हार नव्हता. मिळायचं ते वर्षभरासाठी खिडकीजवळचं टेबल, आणि त्याच्यावर सकाळपासून सांडणारा मऊ, फुकटचा उजेड. तिथे तिचा सख्खा काका ठाण मांडून बसला होता. तो फ्रेममध्ये भिंगं बसवायचा आणि दर वर्षी जिंकायचाही तोच. यंदाही अंतिम सामन्यात भिंगरीसमोर तोच होता. कुणाचाही चष्मा नाकावर ठेवा, गडी हाताच्या अंदाजानेच नेम साधायचा. आणि त्याचा तो जाडजूड चष्मा घातला, की भिंगरीला फळीच्या जागी नुसता कापसाचा ढीग दिसायचा.

तिने थेट मॅनेजरबाईंना गाठलं. त्या नव्याच आल्या होत्या.

"हा नियम काढून टाका. त्याला ना अर्थ, ना कारण."

"कुणी केला, का केला, ते शोधून आणा," बाई म्हणाल्या. "कारण असेल तर राहील. नसेल तर सामन्याआधी मला सांगा, मी काढून टाकते."

भिंगरी लागली मागे. आधी हिशेबनीसांना विचारलं.

"अहो, जाहिरात हो! आपला चष्मा कुणालाही चालतो, असं दाखवायचं होतं."

"मग चालला?"

"छे! पण कल्पना चांगली होती ना."

कॅन्टीनवालीने डोळे मिचकावले. "प्रेमप्रकरण गं. दोघंही लाजाळू. बोलवेना, म्हणून चष्मे बदलले."

"मग लग्न झालं त्यांचं?"

"झालं की. वेगवेगळ्या माणसांशी."

काकाने तर मानही वर केली नाही. "हरायची भीती वाटत असेल तर सरळ सांग."

"भीती कसली?"

"मग नाक का लाल झालंय?"

प्रत्येकाची गोष्ट निराळी, आणि प्रत्येक जण डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगणारा. कानात माशी शिरावी तसा तो प्रश्न भिंगरीच्या डोक्यात गुणगुणत राहिला. आता तिला खिडकी तर हवी होतीच, पण त्याहून जास्त, खरं काय ते हवं होतं.

शेवटी ती गेली कारखान्यातल्या जुन्या मावशींकडे. कारखाना सुरू झाला त्या वर्षापासून त्या पॉलिशवर होत्या. आता घरी बसून गॅलरीत मटार सोलत होत्या.

"मला माहीत असेल, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही सगळ्यांत जुन्या ना, मावशी."

"जुनी चप्पलही असते. तिला विचारलंस?" असं म्हणून त्यांनी शेंगांची परडी तिच्या पुढ्यात सरकवली, आणि सांगायला लागल्या.

कारखाना दोन भावांनी काढला होता. थोरला कारभार बघायचा, धाकट्याच्या हातात कसब होतं. पहिल्याच स्पर्धेत थोरला सपाटून हरला. कुणीतरी टोमणा मारला, "साहेब, चष्मा बदला!" तो चष्मा धाकट्याने आपल्या हाताने केलेला. त्याला टोमणा झोंबला. त्याने भावाच्या नाकावरून चष्मा ओढला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. तर डाव्याचं भिंग उजवीकडे आणि उजव्याचं डावीकडे! थोरला वर्षभर तसाच वावरत होता.

"धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला गं. म्हणाला, दादा, बोलला का नाहीस? तर दादा म्हणतो, तू हौसेने करून दिलास, नावं कशी ठेवू?" मावशींनी एक शेंग उकलली. "पुढच्या वर्षापासून नियम झाला. माणूस तोंडाने सांगत नाही, तर वर्षातून एकदा तरी त्याच्या चष्म्यातून बघायचं."

"मग सगळे विसरले कसे?"

"हसण्यात. बाण कॅलेंडरात घुसल्यावर कारण कोण विचारतं?"

सामन्याच्या दिवशी सगळा कारखाना फळीपुढे जमला. मॅनेजरबाईंनी विचारलं, "मिळालं का कारण?"

मावशींकडे दुसरं कुणी गेलेलं नव्हतं. एका 'नाही'वर खिडकी तिची झाली असती. भिंगरीने एकदा खिडकीकडे पाहिलं.

"मिळालं," ती म्हणाली, आणि तिने सगळ्यांसमोर ते सांगितलं. मग चष्मा काढून काकापुढे धरला.

काकाने तो डोळ्यांना लावला, लगेच काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. भिंगावर ओरखडेच ओरखडे. एक दांडी दोऱ्याने बांधलेली.

"दिवसभर लोकांची भिंगं नापास करतेस, आणि स्वतः ह्यातून बघतेस? डोकं नाही दुखत?"

"दुखतं."

"ते चष्म्याने?"

"चष्म्याने, आणि त्या कोपऱ्यातल्या अंधाराने."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तिथे किती खुशीत बसता, काका."

 काकाने तोच चष्मा पुन्हा चढवला, बाह्या सावरल्या आणि म्हणाला, "चल. खेळात काका-पुतणी काही नाही हं." आणि खरंच त्याने तिला जराही सूट दिली नाही. भिंगरीचा शेवटचा बाण दाराच्या चौकटीत जाऊन थरथरला, बायांनी सूर लावला आणि खिडकी पुन्हा काकाची झाली.

टाळ्या थांबल्यावर तो तिच्याजवळ आला. "उद्या आधी तुझा नंबर काढायचा, मग नवा चष्मा. आणि टेबल लांबलचक आहे ते. माझी खुर्ची जरा ढकल. मी एकट्याने किती उजेड खाणार?"

भिंगरीच्या डोळ्यांवर अजून त्याचाच चष्मा होता. लांबचं सगळं धुक्यात बुडालेलं. पण काकाने चष्मा परत घ्यायला हात पुढे केला आणि तो हात एकदम मोठा, लख्ख होऊन तिच्यासमोर आला. बोटांच्या टोकांवर बारीक स्क्रू टोचल्याच्या किती तरी खुणा होत्या, मोहरीएवढ्या.

"काय बघतेस?" काकाने विचारलं.

"थांबा हो जरा," भिंगरी म्हणाली, आणि तिने दुसराही हात मागितला.