पाव फेरी खाली

आमच्या छोट्या कारखान्यातल्या ड्रिल मशीनचा डेप्थ स्टॉप वीस वर्षं बिघडलेला होता आणि वीस वर्षं त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती, कारण माझे सासरे रोज सकाळी त्याची समजूत काढत होते.

स्टॉप म्हणजे काही मोठी भानगड नव्हे. ड्रिलच्या शेजारी आटे पाडलेला एक रॉड असतो, तो ड्रिलबरोबर खाली येतो. त्यावर दोन नट. खालचा नट मशीनच्या कडेवर टेकला की ड्रिल थांबतं, वरचा नट खालच्याला जखडून ठेवतो. आमच्या रॉडचे आटे नेमके एकाच ठिकाणी झिजले होते. दिवसभर ठोके खाऊन नट वर सरकायचे आणि भोकं खोल जायला लागायची. म्हणून बाबा सकाळी आल्या आल्या दोन पाने घेऊन नट पाव फेरी खाली आणायचे. मला मशीनवर उभं केलं तेव्हा पहिला धडा हाच दिला. "भोक आखूड राहिलं तर परत मारता येतं. खोल गेलं की भंगार. चुकायचंच असेल तर आखूड चुकावं."

मी कशीही चुकायला तयार नव्हते. शिकताना प्रत्येक भोक दोनदा मोजायचे, म्हणून त्यांनी माझं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. ते नाव मी मिरवायचेसुद्धा, पण हात बसल्यावर रोज पहिला जॉब, म्हणजे पहिला तुकडा, तेवढा मोजू लागले.

गेल्या महिन्यात, ज्याच्या पंपांच्या भागांना आम्ही भोकं पाडून देतो त्या पंपवाल्याने साठातले एकोणीस जॉब परत पाठवले. भोकं खोल गेली होती, तळाची भिंत पातळ होऊन तेल गळत होतं. माझा नवरा दुसऱ्या कारखान्यात कामाला आहे. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बूटसुद्धा काढले नाहीत.

"बाबांना दिसत नाही," तो म्हणाला. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याची आशा नाही. नट कुठे लावतात त्यांना तरी कळतं का? आणखी एक लॉट परत आला की बाबा घरी बसणार. मी ऐकणार नाही."

तो दुष्टपणाने बोलत नव्हता. त्याच्या शेजारी काम करणाऱ्याची दोन बोटं गेलेली त्याने पाहिली होती. पण मला राग आला की मी समोरच्याची बाजू ऐकत नाही. बाबांना घरी बसवलं तर ते खिडकीपाशी बसून संपतील, हे मला दिसत होतं.

"दोष मशीनचा आहे," मी म्हणाले, "आणि मी तो दाखवून देईन."

सुट्टीच्या दिवशी मी रॉड काढला. मधल्या भागात नट म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता. लेथवर नवा रॉड धरला, आटे पाडले. बाबा बाजूला उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत होते, "आता थांब. तेल घाल. हं, चालू दे." शेवटी नव्या आट्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "छान," म्हणाले. त्यांच्या तोंडून छान हा शब्द मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकला. पहिला चहासाठी होता.

मी नवे नट लावले, खोली मोजून स्टॉप पक्का केला आणि जुना रॉड नवऱ्याच्या हातात दिला. त्याने झिजल्या जागी नख घासलं. "बरं," म्हणाला. आमच्या घरात बरं म्हणजे माघार.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पहिला जॉब मोजला नाही. स्वतःच्या हाताने केलेला स्टॉप, त्याला काय मोजायचं? बारा जॉब झाल्यावर सवयीने खोली मोजायचा व्हर्नियर लावला. सगळी भोकं जवळजवळ अर्धा मिलिमीटर आखूड. मी परत रॉड सोडवला, नट तपासले, सगळं ठीक. पुन्हा लावलं, उरलेला दिवस बरोबर गेला. आखूड बारा मी परत मारून सरळ केले आणि कुणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी लवकर गेले. बाबा माझ्याआधी पोचले होते. त्यांनी मशीन पुसलं, टेबल पुसलं, मग दोन पाने घेतले, वरचा नट सैल केला, खालचा पाव फेरी खाली आणला आणि वरचा पुन्हा आवळला. ते काहीतरी गुणगुणत होते. ज्या रॉडला छान म्हणाले होते, त्याच रॉडची ते समजूत काढत होते.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं होतं माझं. नवऱ्याला सांगावं तर बाबा घरी. बाबांना सांगावं तर त्यांचं तोंड कसं होईल हे मला बघायचं नव्हतं. मग मी शहाणपणा केला. त्या दिवशी नट मीच गुपचूप परत वर नेले आणि संध्याकाळी त्यांच्या खाली एक लोखंडी कॉलर बसवली. आतून बारीक स्क्रूने आवळलेली, षटकोनी एलन कीशिवाय हलत नाही अशी. आता कडेवर ती टेकणार. नट मात्र वर तसेच ठेवले, नुसते शोभेला. फिरवा किती फिरवायचे ते.

आठ दिवस सुखाने गेले. बाबा रोज सकाळी पाव फेरी द्यायचे, नट थोडे खाली आले की मी संध्याकाळी ते गुपचूप वर नेऊन ठेवायचे. भोकं एकसारखी. माझ्या हुशारीवर मी खूष होते.

नवव्या दिवशी त्यांनी पाने खाली ठेवले आणि म्हणाले, "हा नट पोकळ फिरतो."

मी फडक्याने हात पुसत राहिले.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. भार असलेला नट हाताला वेगळा लागतो. खाली कॉलर आहे, तीही चाचपली. कामाची आहे. मी लावली असती तर अशीच लावली असती."

"मग रोज फिरवत का होतात?"

"तू एवढी खटपट करून लावलीस. म्हटलं, हिचं मन कशाला मोडा." ते हसले, पण लगेच थांबले. "लहान पोराला जुनी किल्ली देतात खेळायला, तसं केलंस तू माझं. का केलंस?"

मला लाज वाटली. राग मला लवकर येतो, लाज फारशी येत नाही, त्यामुळे तिचं काय करावं ते कळेना.

"नवा रॉड टाकल्यावर तुम्ही नट फिरवलात," मी म्हणाले. "बारा भोकं आखूड गेली."

"माझ्यामुळे?"

"हो."

त्यांनी मशीनवर हात ठेवला. "हात गेला असणार आपोआप," असं स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी दोन्ही नट काढले आणि खिशात घातले. "आता इथे मी कशाला यायचं, ते तूच सांग."

मी घाईघाईने म्हणाले, "मोजायला माणूस हवाच आहे मला."

"व्हर्नियरच्या रेघा दिसत नाहीत मला. दयेचं काम देऊ नकोस, इन्स्पेक्टर."

आणि काठी घेऊन ते निघून गेले. दिवसभर मी चांगले जॉब काढले आणि एकही मला गोड लागला नाही.

दुसऱ्या सकाळी ते आले ते तावातावाने. "तो जुना रॉड कुठाय? टाकला नाहीस ना?" टाकला नव्हता. "मधे झिजलाय, टोकं शाबूत आहेत. लेथ लाव."

ते सांगत गेले, मी करत गेले. एक नळी, आणि रॉडच्या शाबूत टोकातून काढलेली, तिच्यात सरकणारी पिन. पिनच्या डोक्यावर दोन बारीक पायऱ्या. नळी जॉबवर उभी धरायची, पिन आत भोकाच्या तळाला टेकते. नळीची कड दोन पायऱ्यांच्या मध्ये आली तर भोक बरोबर. वर राहिली पिन तर आखूड, बुडाली तर खोल. हे बघायचं नसतं, नखाने चाचपायचं असतं.

"माझ्या पहिल्या नोकरीत सगळे यानेच तपासायचे," बाबा म्हणाले. "मोठमोठे डोळे असलेले लोक. मशीनला मी आता हात लावणार नाही. माझं टेबल तिकडे, खिडकीखाली."

त्या लॉटचे साठच्या साठ जॉब त्यांनी तपासले. जॉब घ्यायचा, पिन सोडायची, अंगठ्याचं नख फिरवायचं, डाव्या हाताला ठेवायचा. दुपारनंतर शेवटचे आले तेव्हा तीन जॉब त्यांनी उजव्या हाताला ठेवले.

"हे खोल गेलेत."

"शक्यच नाही," मी म्हणाले आणि व्हर्नियर लावला. खोल गेले होते.

"ड्रिल बदललंस मधे?"

बदललं होतं. शेवटचे तीनच राहिले असताना धार गेली, म्हणून घाईत दुसरं ड्रिल लावलं. ते चकच्या पकडीतून जरा जास्त बाहेर आलं होतं. स्टॉप पुन्हा लावायला हवा होता, तो लावला नाही, आणि तीनच तर आहेत म्हणून मोजलंही नाही. बाबांनी ते तीन उचलून भंगाराच्या पेटीत टाकले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नवरा आम्हाला न्यायला आला. भंगाराच्या पेटीत तीन नवे कोरे जॉब बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझे आहेत," मी म्हणाले. "बाबांनी पकडले. आणि त्याआधी बारा बाबांकडून आखूड झाले होते, ते मी तुझ्यापासून लपवलं. ते परत मारून पंपवाल्याकडे गेलेसुद्धा. हे तीन कुठेच जाणार नाहीत."

त्याने टेबलावरची पिन उचलली, एका जॉबमध्ये सोडली, नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. "मला काहीच कळत नाही," तो म्हणाला.

"तुला दिसतं ना, म्हणून," बाबा म्हणाले.

त्याने दिवे मालवले. कुलूप लावताना तो बाबांना म्हणाला, "उद्यापासून सकाळी मी इथे सोडत जाईन तुम्हाला. एकट्याने रस्ता ओलांडू नका."

"किती वाजता?" बाबांनी विचारलं.