निसळ सरांची बैलजोडी

सुमंत निसळ सरांना रागावता येत नाही, हे राहुरीच्या त्या विद्यापीठात शिपायापासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच प्रणिता त्यांच्या खोलीच्या दारात घुटमळली. रागावणारा माणूस परवडतो हो, तो बोलून मोकळा होतो. सर मात्र गप्प बसतात आणि समोरच्यालाच पाणी विचारतात.

"आधी पाणी घे," सर म्हणाले.

"सर, गुरुवारी अभ्यास मंडळाची बैठक आहे. पदवीचे जे विषय जुने झालेत ते मागे घ्यायचेत. चार-पाच आहेत, त्यात..."

"त्यात माझा आहे."

प्रणितानं मान खाली घातली. ती सरांचीच विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख. म्हणजे प्रस्ताव मांडायचा तिनंच. विषयाचं नाव ‘पशुशक्ती आणि बैलचलित अवजारे’. सर नवेनवे नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच तो बांधला, आणि तेव्हापासून दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला त्यांनीच शिकवला. निवृत्तीला आता एक वर्ष उरलेलं.

"मुलं पाठ करून पास होतात सर. अर्ध्या मुलांनी बैलाला हातसुद्धा लावलेला नाही."

"कसा लावतील? आपल्या गोठ्यातली जोडी म्हातारी होऊन गेली, नवी कुणी आणली नाही. मी पडद्यावर चित्रं दाखवतो. चित्रातल्या बैलाला ना वास, ना वजन." सरांनी चष्मा काढून पुसला. "एक ऐक माझं. मंगळवारी सकाळी मंडळाच्या लोकांना प्रक्षेत्रावर घेऊन ये. मी जोडी जुंपून दाखवतो. बघा, मग ठरवा. तेव्हाही जुना वाटला तर माझं काही म्हणणं नाही."

प्रणिता लगेच "हो" म्हणाली. आपल्या गुरूच्या विषयावर काट मारायच्या आधी त्यांना एक संधी मिळतेय, याचंच तिला बरं वाटलं.

सरांच्या मनात काय होतं, ते मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही. विषय जाण्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. मनात सलत होतं ते वेगळंच. विषय निरुपयोगी ठरला, म्हणजे आपण आयुष्यभर पोरांना जे वाढलं ते शिळं होतं, असंच ठरणार ना?

घरी शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. नवरा-बायको दोघंही कीर्तनाचे वेडे. गावात कुठेही कीर्तन असो, हे दोघं पुढच्या सतरंजीवर. शोभाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "परवाचे बुवा काय सुंदर रंगले होते नाही? पण कितीही रंगले तरी आरतीच्या वेळेला थांबलेच की."

"टोमणा कळला मला."

"कळला ना? मग झालं." आणि लगेच हसून, "जा, बैल बघून या. पण ऊन आहे, टोपी घालून जा."

घोडेगावचा जनावरांचा बाजार म्हणजे काय सांगावं! टेम्पोतून उतरणारी जनावरं, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे, चहाच्या टपऱ्या, आणि सगळ्यावर धुळीचा एक पातळ पडदा. सर त्या गर्दीत शिरले आणि वीस वर्षांनी तरुण झाले. म्हशी ओलांडल्या, गाई ओलांडल्या. बैल थोडे होते, पण लिंबाच्या झाडाखाली एक जोडी उभी होती. शुभ्र खिलार. अंगावर माशी बसली तर घसरावी अशी कातडी, डौलदार वशिंडं, शिंगांना लाल गोंडे. देवाला हात जोडावेत तसे सरांचे हात नकळत जुळले.

"कुणाची जोडी?"

"आपलीच की." पांढऱ्या शर्टातला तिशीचा गडी पुढं आला. "गोरक्ष. पर इकायची न्हाई हां सर. नुसती दाखवायला आनली."

"विकत नकोच. मंगळवारी सकाळी विद्यापीठात आणशील का? मुलांना दाखवायचीय. मोठी माणसंही येणारेत."

गोरक्ष खुलला. "आनतो की! आमदारांच्या मिरवणुकीत गेल्ती, शाळेत गेल्ती. इद्यापीठ तेवढं राह्यलं हुतं. नाव लई हाय ह्यांचं, सर. इचारा कुनालाबी."

"ते दिसतंच आहे," सर म्हणाले.

आता गंमत बघा. बैलांचं नाव कशामुळं झालंय, हे सरांनी विचारलं नाही. सरांच्या जगात बैलाला एकच काम, त्यामुळं विचारायचं सुचलंच नाही. आणि बैल कशासाठी हवेत, हे गोरक्षनं विचारलं नाही. त्याच्या जगात असे बैल नेतात ते बघायलाच. दोघंही एकमेकांवर खूश होऊन चहा प्यायले.

मंगळवारी सकाळी प्रक्षेत्रावर सगळं जमलं. बांधावरच्या खुर्च्यांवर मंडळाचे सदस्य. त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून आप्पासाहेब, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. मागं दुसऱ्या वर्षाची पोरं-पोरी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. सरांनी भांडारातून लोखंडी नांगर आणि जुनं जू काढून, पुसून ठेवलेलं. अधिष्ठाते घड्याळाकडे बघत होते.

टेम्पो आला. फळी पडली. बैल उतरले तसा पोरांतून "आई शपथ!" असा आवाज उठला. सरांनी प्रणिताकडे पाहिलं. बघ, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

"हे जू मानेवर बसतं, वशिंडाच्या पुढं," सर शिकवू लागले आणि आवाजाला धार आली. "दोन्ही बैलांची उंची सारखी नसेल तर ओझं एकावर पडतं. मग मानेला घट्टा पडतो. दोष बैलाचा नसतो, जुंपणाऱ्याचा असतो." बोलता बोलता त्यांनी जोडी जुंपली. बोटं काही विसरली नव्हती. गोरक्ष मात्र टेम्पोचं भाडं कुणाकडं मागायचं ते शिपायाला विचारत लांब उभा होता. तो वळला, त्याला नांगर दिसला आणि त्याचा चेहराच उतरला.

"ओ सर! ओ सर, थांबा!"

पण सरांनी नांगराच्या मुठीवर हात ठेवून बैलांना हाक दिली होती.

बैलांनी माना वर केल्या. मागं काहीतरी जोडलेलं, समोर मोकळं रान, भोवती गर्दी. त्यांना वाटलं, निघालीच शर्यत! आणि जे सुटले म्हणता! नांगर एकदा जमिनीला टेकला, उडाला, पुन्हा टेकला, आणि आडवा होऊन मागं खडखडत निघाला. सरांच्या हातातून मूठ केव्हाच गेली होती. ते दोन पावलं धावले आणि ढेकळात मटकन खाली बसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आप्पासाहेब खुर्चीवर उभे राहून ओरडले, "भले रे वाघांनो! भले!" बैल सरळ रेषेत रानाच्या टोकाला गेले आणि कुणी न सांगता झक्कन थांबले. मग मागं वळून, आपला पहिला नंबर आला का, असं बघत राहिले.

गोरक्ष धापा टाकत आला. "लागलं का सर? माफ करा. घाटात पळायचे बैल हायेत ओ हे. शर्यतीचे. औत ह्यांनी जन्मात पाह्यलं न्हाई."

"मग तुझं शेत कशानं नांगरतोस?"

"ट्रॅक्टरनं." गोरक्षनं मान खाजवली. "ह्यांची वैरनबी ट्रॅक्टरनंच आनतो."

मग ढेकळात बसल्या बसल्या निसळ सर हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. आप्पासाहेब जवळ येऊन हात देत म्हणाले, "सर, खोटं कशाला बोलू? माझ्या गावात तीन जोड्या उरल्यात. त्याबी पोळ्यापुरत्या. तुमाला नांगराचे बैल सापडले असते तरच नवल हुतं."

"खरंय आप्पासाहेब. म्हणे पोरांना विषय येत नाही. इथं बैलांनाच माझा विषय येत नाही!"

सगळे हसले. अधिष्ठातेसुद्धा. मग गाड्या निघाल्या, पोरं बैलांबरोबर फोटो काढायला धावली. सर बांधावर बसून राहिले. प्रणिता शेजारी येऊन बसली.

"वाईट वाटलं सर?"

"हसू आलं ते खरंच आलं. पण आता शांत बसलो तर..." सरांनी हातातलं ढेकूळ चुरगाळलं. "वाटतं, मग मी इतकी वर्षं काय शिकवलं ग? या मुलांच्या कधी कामाला न येणारं काहीतरी. आणि त्यांनी निमूट ऐकून घेतलं."

प्रणिता एकदम चिडली. सरांसमोर ती आजवर कधी चिडली नव्हती.

"तुम्हाला काय वाटतं सर, तुम्ही बैल शिकवलेत?"

"मग काय शिकवलं?"

"देवळाली प्रवऱ्याला आम्ही बॅटरीवरचं खुरपणीचं यंत्र दिलं होतं ना, बायकांसाठी? दुसऱ्या आठवड्यात सगळ्या बायका म्हणायला लागल्या, खांदे दुखतात. कंपनीचा माणूस म्हणाला, सवय नाही त्यांना, होईल हळूहळू. मी त्याला म्हटलं, मानेला घट्टा पडला तर दोष बैलाचा नसतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी दांडा उतरवून घेतला, चार बायकांची उंची मोजली, नवा दांडा केला. आता त्या यंत्र सोडत नाहीत. हे मला कोणी शिकवलं? इंजिनाच्या पुस्तकानं?"

सर तिच्याकडे वळून बसले.

"ओढणाऱ्याच्या बाजूनं बघायचं. पहिल्या तासाला तुम्ही हेच सांगितलं होतं. आमच्या बॅचची मुलं कुठं कुठं आहेत, कुणी पंप करतं, कुणी ऊसतोडणीची यंत्रं. भेटलो की तुमची नक्कल करतो आम्ही. ‘वजन कुणाच्या मानेवर आहे, ते आधी सांग बाळा!’"

तिनं सरांचा आवाज असा हुबेहूब काढला, की सरांना पुन्हा हसू फुटलं. पण या वेळी त्यांनी चष्मा काढला तो बराच वेळ डोळ्यांवर चढवलाच नाही. समोर उन्हात रान पसरलं होतं. त्यात नांगरानं कुठे कुठे ओरखडे काढलेले, नांगरटीचं सलग तास एकही नाही. आणि सरांना भरून आलं ते दुःखानं नव्हे. देवानं आपल्याला केवढं दिलं! खेड्यापाड्यांतली पोरं दिली, चांगलं काम दिलं, दोन वेळची भाकरी दिली, आणि पेरलेलं कुठं उगवलं ते बघायला डोळेही दिले. मागणारा आणखी मागणार तरी काय?

"तुझ्या त्या लहान यंत्रांच्या नव्या विषयात हे आहे का ग?" त्यांनी हळूच विचारलं.

"पहिला धडा तोच आहे. मी तुम्हाला चार वेळा सांगायला आले सर. तुम्ही दर वेळी पाणी विचारलंत."

गुरुवारी बैठक भरली. मंडळाचे सदस्य म्हणून सरही होते. विषय पुकारला गेला. प्रणिता उभी राहिली, कागद हातात घेतला आणि पहिली ओळ अर्धीच वाचून तिनं सरांकडे पाहिलं.

"बस तू," निसळ सर म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. "हा ठराव मी मांडतो. अनुमोदन प्रणिता देईल."

अधिष्ठाते चपापले. "निसळ सर, तुमचाच विषय..."

"माझाच आहे, म्हणून मीच मांडायला हवा. दिवस मावळला की शेतकरी औत सोडतो. सोडताना बैलाला कुणी मारत नाही, शिव्या देत नाही. पाठीवरून हात फिरवतो, पाणी दाखवतो. तसा हा विषय मी सोडतोय. यानं माझं घर चालवलं, माझ्या पोरींची शिक्षणं केली. यानंच ही प्रणिता दिली." सर थांबले. "कारणाच्या जागी ‘कालबाह्य’ लिहा. ते खरंच आहे. पण त्याच्याखाली एवढंच लिहा, की विद्यापीठ या विषयाचं ऋणी आहे."

"ठरावात असं लिहायची पद्धत नाही हो सर," अधिष्ठाते अवघडून म्हणाले.

"मग आजपासून पाडू की!" आप्पासाहेबांनी टोपी डोक्यावर चढवली. "आमी शेतकरी जमिनीच्या सुद्धा पाया पडतो. विद्यापीठाला दोन शब्द जड झाले व्हय?"

हशा पिकला. अधिष्ठात्यांनी हसत मान हलवली आणि टिपण घेणाऱ्या लिपिकाला खूण केली. हात वर झाले. सगळ्यात आधी वर गेला तो निसळ सरांचा, अगदी सरळ, ताठ.

पुढचा विषय लागलीच आला: लहान यंत्रांचा नवा अभ्यासक्रम. तो मंजूर झाला, आणि अधिष्ठात्यांनी विचारलं, "पहिलं सत्र कोण घेणार? एकट्या प्रणिता मॅडमना जमणार नाही."

"निसळ सर आहेत की," प्रणिता म्हणाली.

"अग, मला ते तुझं यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही!"

"मी शिकवीन."

"कधी?"

"उद्या सकाळी सात वाजता. देवळाली प्रवऱ्याला, बायकांच्या शेतात."

सरांनी खिशातलं पेन चाचपलं. मग नव्या वर्गातल्या पोरासारखं त्यांनी विचारलं, "येतो. वही-पेन आणू ना?"

"नको सर," प्रणिता म्हणाली, "जुने कपडे घालून या."