शेळीचा निवाडा

देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्र्यंबकेश्वरच्या अलीकडच्या त्या गावात एका बाबाची पांढरी शेळी माणसाच्या सात पिढ्या ओळखत होती! गावातल्या कोणीही पाला पुढे केला की ती मटकावून टाकायची. पाड्यावरच्या माणसाने केला की नाक मुरडून मागे सरायची. शेळीला स्वतःचा बाप ठाऊक नव्हता, पण दुसऱ्याचे पणजोबा तोंडपाठ!

आता पाळी चिमणाबाईची होती. पाड्यावरची ही बाई सहा वर्षं शाळेत खिचडी शिजवत होती. पोरं गावची आणि पाड्याची अशा दोन रांगांत जेवायची, पण खिचडी एकच. शेळीने आज तोंड फिरवलं तर उद्यापासून चुलीपाशी दुसरी बाई, असं सरपंच धनराजने सांगून टाकलं होतं.

"आधी शुद्धी!" बाबा गरजला. "गावाने हंड्यात हात धुवायचे, पाड्याने घमेल्यात. शेळी म्हणजे साक्षात धर्म, बालकांनो! व्हिडिओ काढा, पुढे पाठवा!"

चिमणाबाईने घमेल्यात हात बुडवला आणि ती थबकली. हा वास ओळखीचा होता. भाताची रोपं शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून ती दरवर्षी शेण कालवून, गाळून हेच पाणी त्यांच्यावर शिंपडायची. आज वास सगळ्यांनाच आला असणार, पण शुद्धीचं पाणी म्हणून सगळे गप्प.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा हंड्याकडे गेली आणि तिने हात खळखळून धुतले.

"आगं ए! पाणी बाटवलंस!" धनराज ओरडला.

"बाटलं का नाय, ते शेळीलाच इचारू की सरपंच. तिला समदं कळतं ना?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. चिमणाबाईने पाला पुढे धरला. शेळीने तो फस्त केला, वर तिची बोटंही चाटली.

शाळेच्या स्नेहल मॅडम पुढे आल्या, त्यांनी घमेल्यात हात बुडवला आणि पाला धरला. शेळी मागे सरली.

"मॅडम तर पाटलांच्या सूनबाई!" कोणीतरी पुटपुटलं.

"शेणाचं पाणी हाय ह्ये," चिमणाबाई म्हणाली. "शेळीला शेण कळतं. जात नाय कळत."

बाबा झोळी उचलून पसार झाला. पण खरी लबाडी त्याच्या झोळीत नव्हतीच. दोन भांडी समोर मांडलेली असताना 'दोन कशाला?' एवढं विचारावंसं गावात एकालाही वाटलं नाही. त्याची सगळी विद्या त्यावर चालली होती. तेव्हा चमत्कार पाहायला जाल, तर हात जोडण्याआधी भांडी मोजा.

"उद्या खिचडी हाय ना?" धनराजने खाली मान घालून विचारलं.

"हाय की," चिमणाबाई म्हणाली. "पण रांग एकच लागंल."