भरलेलाच परत येणारा पेला

मी एक जुना स्टीलचा पेला आहे आणि मित्रांनो, मी चिडलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या सुरात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. ते मला जमणार नाही. ज्याला हळवं काही ऐकायचं असेल त्याने मांडणीवरच्या पितळी डब्याकडे जावं. तो दिवसभर उसासेच टाकत असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पत्र्याची गोल चकती होतो, वरून दाब बसला आणि पेला झालो, एवढंच. मला समज आली ती शहापूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात. तिथे एके दिवशी सोनूबाई आली. नवीन लग्न झालेलं, पायांना अजून लावणीचा चिखल लागल्याच्या खुणा. आपल्या मजुरीतून तिने आम्हा सहा पेल्यांना विकत घेतलं. दुकानदार नाव घालायचं यंत्र हातात घेऊन म्हणाला, "कुणाचं नाव घालू?"

"सोनूबाई घाला. नवऱ्याचं नको. मजुरी माझी हाय."

यंत्र कर्रकर्र करत माझ्या अंगावर फिरलं. दुखलं खूप. अक्षरं वाकडी आली, पण आजही वाचता येतात. तो माझ्या आयुष्यातला पहिला मान होता.

खर्डीच्या पुढे, रानाच्या कडेला सोनूबाईचं घर आहे. नवरा पांडू रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर काम करायचा. घर बौद्ध. भिंतीवर दोन तसबिरी, खाली शेणाने स्वच्छ सारवलेली जमीन, तिच्यावर पुढे फरशी बसली. सोनूबाईने आम्हाला रोजच्या वापरात कधी घेतलं नाही. "हे पाहुण्यांचे," असं म्हणून तिने आम्हाला मांडणीच्या वरच्या फळीवर उपडं ठेवलं. पाहुणा दारात दिसला की ती मला आधी घासायची, मग धुवायची, मग पदराने पुसून उजेडात धरून बघायची. एवढी निगा राखलेला पेला तुम्हाला सगळ्या तालुक्यात सापडणार नाही.

आणि मग मी भरून बाहेर जायचो. आणि कितीदा तरी भरलेलाच परत यायचो.

मतं मागायला येणारे यायचे. "नको बाई, आत्ताच घेऊन आलो." लग्नाची पत्रिका द्यायला कुणी यायचा. "राहू दे, घाईत आहे." कुणी हातात घ्यायचा आणि बोलता बोलता तसाच खाली ठेवायचा. पण एक प्रसंग मी विसरलेलो नाही. ज्यांच्या शेतात सोनूबाई लावणीला जायची, त्या घरची बाई एकदा मजूर सांगायला आली. वैशाखाचं ऊन होतं. सोनूबाईने मला पुढे केलं. "आत्ताच घेतलं गो," ती बाई म्हणाली. निरोप घेऊन अंगणाबाहेर पडली आणि लगेच हापशाचा आवाज आला. तिथे वाकून, ओंजळ धरून ती घटाघटा पाणी प्यायली. मित्रांनो, माझ्यातलं पाणी त्याच हापशाचं होतं. सकाळी सोनूबाईनेच भरून आणलेलं. फरक एवढाच की मध्ये मी होतो आणि माझ्यावर सोनूबाईचं नाव होतं.

असं परत आलेलं पाणी सोनूबाई पुन्हा हंड्यात ओतत नसे. मागच्या दारी शेवग्याच्या मुळाशी ओतायची. तो शेवगा आता घरापेक्षा उंच झाला आहे. लोक त्याच्या शेंगांचं कौतुक करतात आणि मागून नेतात. शेंगा चालतात त्यांना.

वर्षं गेली. माझ्या जोडीचे पेले कुठे कुठे गेले, मी एकटा उरलो. सोनूबाईची मुलगी पौर्णिमा मोठी झाली. शिकली, पडघ्याजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात बिलं बनवायला लागली. तिथेच तिची विपुलशी ओळख झाली. विपुल मुरबाडकडचा, शेतकरी घरातला, हिंदू. तो माल पाठवण्याचं काम बघतो. दोन वर्षांनी पौर्णिमाने घरात सांगितलं की लग्न करीन तर त्याच्याशी.

पांडूने आरडाओरडा केला नाही. तो पायरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "जात मी बघत नाय. माणूस बघीन. घेऊन ये त्याला. पण एक सांगून ठेवतो, ज्या घरात माझ्या पोरीच्या हातचं पाणी चालणार नाय, तिथं पोर देणार नाय. हो का नाय, एकदाच सांगीन."

विपुल आला तो मे महिन्यातल्या एका रविवारी, मोटरसायकलवर. त्या दिवशी सोनूबाईने मला इतकं घासलं की मला वाटलं, माझ्यावरचं नाव आता जातंय. दारातून मला त्याचं सगळं दिसत होतं. पोरगा तयारी करून आला होता. इस्त्रीचा शर्ट. चपला नीट बाहेर, जोडीने. आत आल्या आल्या आधी "जय भीम काका," मग वाकून नमस्कार, मग तसबिरींना हात जोडले. घरच्या झाडाचे रायवळ आंबे टोपली भरून आणले होते. सोनूबाईने टोपली उचलली, एक आंबा नाकाशी धरला आणि तिचा चेहरा उजळला. पांडूनेही खुर्ची जरा पुढे ओढली. गँगमधल्या गोष्टी निघाल्या. पौर्णिमा आत चहाचं आधण ठेवत होती आणि हसू दाबत होती. सगळं जमून आलं होतं.

मग सोनूबाई मला भरून घेऊन गेली.

"नको काकी, राहू दे," विपुल म्हणाला.

"अरे घे. उन्हातून आलास."

"नको नको, खरंच. चहा पण नको हं. तुमी उगाच त्रास घेऊ नका." आणि मित्रांनो, एवढं बोलून त्याने पाठीवरच्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि आमच्यासमोर प्यायला.

मी सोनूबाईच्या हातात होतो. तिच्या बोटांची पकड मला कळली. तिने मला परत आत आणलं आणि ओट्यावर ठेवलं. बाहेर पांडू बोलायचा थांबला होता. विपुल गोदामाबद्दल काहीतरी सांगत राहिला, पण त्याला हूं म्हणायलाही कुणी उरलं नाही. माझ्या अंगाची नुसती आग झाली. याचे आंबे आमच्या घरात चालले आणि आमचं पाणी याला चालत नाही. जय भीम तोंडाने म्हणायला याचं काही गेलं नाही. ज्या तोंडाने म्हणाला तेच तोंड पेल्याला लावायला मात्र याची तयारी नाही. मला हातपाय असते तर मी स्वतःला त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतून घेतलं असतं.

पौर्णिमाने मला बघितलं. काठोकाठ भरलेला. तिला काहीच विचारावं लागलं नाही. तिने गॅस बंद केला आणि तशीच बाहेर गेली.

"विपुल, पाणी का नाय घेतलंस?"

"अगं, आणलंय ना मी घरून."

"तेच विचारते. का आणलंस?"

विपुल गोंधळला. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पांडूकडे. "तूच बोलली होतीस ना, आताशा मेमध्ये हापसा आटतो, काकी लांबून हंडे आणतात, टँकरला भांडणं होतात. म्हणून म्हटलं, आपण जाऊन त्यांचं पाणी कशाला संपवायचं. चहा पण त्याच्यासाठीच नको म्हटला."

तुम्हाला वाटेल, चला, गैरसमज मिटला, आता सगळे हसतील. पौर्णिमाच्या तर जिवात जीव आला होता. पण मी सांगतो, मला पहिल्यापेक्षा जास्त राग आला. पोरगा खोटं बोलत नव्हता, ते दिसत होतं. पण आमच्या घरात पाण्याला नाही म्हणण्याचा अर्थ काय होतो, हे चोवीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला माहीतच नसावं? आम्हाला ते माहीत नसून कधी चाललं नाही. त्याच्या घरी मात्र ते कुणाला ठाऊक असायची गरजच पडली नव्हती.

सोनूबाई दारात येऊन उभी राहिली.

"आमी डोक्यावर हंडा आणतो तो कशाला, ठाऊक हाय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घरी कोण आलं तर त्याला तांब्याभर द्यायला नको व्हय? टंचाई हाय म्हणून पाहुण्याला पण पाजू शकत नाय, इतके का गेलेले वाटलो आमी तुला?"

विपुलचा चेहरा पडला. "चुकलं काकी," म्हणत तो उठला, आत आला आणि ओट्यावरच्या माझ्याकडे त्याने हात केला. "द्या, आता पितो."

सोनूबाईने त्याच्या आधी मला उचललं.

"आता नको. आता तू मला दाखवायला पिशील. तहान लागंल तवा ये."

ती मागच्या दारी गेली आणि त्या टंचाईच्या दिवसांत तिने मला शेवग्याच्या मुळाशी पुरता रिकामा केला. विपुल बघत उभा होता. त्याच्या मागे पौर्णिमा होती. तो तसाच गेला. पांडूने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, पण त्या रात्री तो नीट जेवला नाही. पौर्णिमा आठवडाभर आईशी तुटक बोलत होती. मला मात्र सोनूबाईचं पटलं होतं. इतकी वर्षं मी लोकांची कारणं ऐकली, माफीही एक कारणच आहे.

पुढच्या रविवारी भर दुपारी अंगणात काहीतरी घरघरत आलं. विपुल होता. महामार्गाच्या फाट्यावर त्याची गाडी पंक्चर झाली होती आणि ती ढकलत ढकलत त्याने घरापर्यंत आणली होती. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. पिशवी नव्हती, बाटली नव्हती. नमस्कार-चमत्कार काही न करता तो पायरीवर मटकन बसला.

"काकी, पाणी द्या."

सोनूबाई बाहेर आली. तिने आधी टायर बघितला, वाकून, बोटाने दाबून. ती काय कुणाच्या बोलण्यावर जाणारी बाई नव्हे. मग आत येऊन तिने मला भरलं. या वेळी उजेडात धरून बघितलं नाही, घासलंही नाही.

आमच्याकडे पुष्कळ जण पेला वर धरून पाणी तोंडात सोडतात. त्यात कुणाची सवय किती आणि कुणाचा विटाळ किती, हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही. विपुलने मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओठ लावून प्यायला. घशाचा आवाज होत होता. हनुवटीवरून ओघळ शर्टात गेला. संपलं तेव्हा त्याने डोळे उघडले.

"अजून देऊ?" सोनूबाई म्हणाली.

"द्या."

दुसऱ्यांदाही मी रिकामा परतलो. माझ्या काठावर ओठांचा ठसा होता आणि तो कितीतरी वेळ सुकला नाही.

तेवढ्यात पांडू बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसला. "आणि तुझी आई? तिला चालंल?"

"नाय माहीत, काका. मी अजून विचारलं नाय. घाबरतो."

"मग आधी विचार. माझा हो तवा."

"विचारायचं कशाला?" सोनूबाई आतून म्हणाली. "घेऊन ये तिला. पाणी मी देईन."

विपुलची आई, धोंडूबाई, येत्या रविवारी येणार आहे. पौर्णिमाला झोप लागत नाही. मी फळीवर उपडा आहे आणि माझा राग गेलेला नाही. एका पोराच्या दोन पेल्यांनी इतक्या वर्षांचं पाणी भरून येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी काही मागायचं असतं. आम्हाला घासा, पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. ते सोनूबाई माझ्यासाठी आयुष्यभर करत आली. मला तुमच्याकडून दुसरं हवं आहे. कुणाच्या घरी गेलात आणि तुमच्यापुढे पेला आला, तर तहान नसली तरी एक घोट घ्या. आणि घ्यायचं नसेल, तर नाही म्हणा आणि सरळ निघून जा. पण आत्ताच घेतलं, असं सांगू नका. बाहेरच्या हापशाचा आवाज घरात ऐकू येतो.