थर्मोस्टॅट काही बसत नाही

सिएनफ्वेगोस या बेटावरच्या शहरातल्या एका गल्लीत एव्हेलियोचं भारी कौतुक होतं. काहीही बिघडू दे, हा गडी जमवणारच! त्याच्या स्वयंपाकघरातला अमेरिकन फ्रिज त्याच्याहून वयाने मोठा. दाराला रबराऐवजी सायकलची ट्यूब, मुठीच्या जागी कपाटाची कडी. दुकानात नव्या भागाची किंमत विचारली की घाम फुटायचा, तीही डॉलरमध्ये! म्हणून एव्हेलियो दुकानाची पायरीच चढत नसे.

पण हीच बढाई बिचाऱ्याच्या अंगाशी आली. लेक यामिला समुद्रापलीकडे अमेरिकेत टँपाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर रविवारी फोनवर ती विचारायची, "पप्पा, काही हवंय?" आणि हा फुशारकीने सांगायचा, "छे गं! सगळं जमवलंय." या बेटावरचा प्रत्येक बाप असंच सांगतो. लेकीला ते खरं वाटलं. ज्याचं काही अडतच नाही, त्याच्याकडे धावत कशाला यायचं? येणं पुढे पुढे जात राहिलं.

इकडे एव्हेलियो अजूनही लेक घरात असल्यासारखा दोघांपुरता भात-घेवडा शिजवायचा आणि उरलेला शेजारच्या ओनेलियाला नेऊन द्यायचा.

"अरे बाबा, एकदा तरी अडलंय म्हण की लेकीला!" ओनेलिया वैतागून म्हणाली. "तोंड झिजतं का तुझं?"

त्याच आठवड्यात फ्रिजचा थर्मोस्टॅट गेला. त्याच्या जागी दाराच्या बेलचं बटण जोडून भागलं असतं, हात शिवशिवतही होते. पण त्याने मन घट्ट केलं आणि फोनवर म्हणाला, "हे काही मला जमत नाही गं. तिकडचा अस्सलच लागेल. घेऊन येशील?"

"पाठवते की!" यामिला म्हणाली.

झालं! थर्मोस्टॅट आला तो कुणा परक्या प्रवाशाच्या बॅगेतून. एव्हेलियोने तो लावला आणि काय सांगू, पहिल्या फटक्यात बसला. घासणं नाही, ठोकणं नाही. फ्रिज घरघरू लागला आणि एव्हेलियोला रडू कोसळलं.

रविवारी तिने विचारलं, "बसला का?"

"नाही गं. काय केलं तरी बसत नाही. दुसरा लागेल. तूच ये घेऊन."

यामिलाने कान टवकारले. "मग मागे काय घरघरतंय?"

एव्हेलियोने झेप घेऊन प्लग खेचला.

"पप्पा, आत्ता बंद केलास ना?"

"हो."

"लाव परत. आतलं सगळं नासेल."

त्याने मुकाट्याने प्लग लावला. शरमेने कान तापले होते, पण आता लपवायचं काय राहिलं होतं? "झकास बसलाय," तो म्हणाला. "फ्रिजला काही धाड भरलेली नाही. मलाच तुझ्याशिवाय करमत नाही. फार आठवण येते गं."

पलीकडे तिने नाक ओढलं. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? मला वाटलं, माझ्या जागीही तू काहीतरी जमवलंस."

"तेवढं नाही जमलं," एव्हेलियो म्हणाला.

"येते," ती म्हणाली. "या नाताळात येते."