चौघांपुरतं ऑइल-डाउन

शाळेत स्वयंपाकाच्या सराव परीक्षेत माझ्या पातेल्यावर झाकणच बसेना. सांगितलं होतं चौघांचं जेवण, आणि मी रचलं होतं अख्ख्या आळीचं. काय करणार? ऑइल-डाउन, म्हणजे नारळाच्या दुधात सगळं एकावर एक रचून आटवायचं आमच्या बेटावरचं जेवण, मी जन्मापासून पाहिलं ते आमच्या गुयाव्ह गावाच्या किनाऱ्यावर, तीन दगडांवर चढवलेलं, माझा धाकटा भाऊ आत मावेल एवढ्या पातेल्यात. लहान माप हाताला ठाऊकच नाही. शेजारच्या शेगडीवरून डेलिसिया म्हणाली, "केटुरा, मासळी आल्यावर फुंकतात तो शंख फुंकू का? माणसं कमी पडतायत तुला."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण नंतर आमच्या शिक्षिका मिस बार्थोलोम्यूंनी मला बाजूला घेतलं तेव्हा हसू गेलं. त्यांचं म्हणणं होतं की खऱ्या परीक्षेत मॅकरोनी कर, ती मापात राहते. हा विषय सुटला नाही तर सेंट जॉर्जेसच्या कॉलेजात हॉटेलच्या शिक्षणाला जागा मिळणार नाही, याचीही त्यांनी आठवण करून दिली. जशी काही मी विसरले होते! पण मी हटले नाही.

आता, आमच्याकडे पातेलं कुणी ऐरागैरा रचत नाही. आमच्या आळीत ते काम पप्पांचं. पोरांनी निरफणस सोलायचा, नारळ खवायचा आणि लांब बसायचं. पप्पांना म्हटलं, मला शिकवा, तर जाळं विणता विणता म्हणाले की शिकवण्यासारखं त्यात काही नाही, ढवळायचं नाही आणि कान उघडे ठेवायचे. एवढंच. मग मी घरच्या छोट्या पातेल्यात स्वतःच करत बसले. पहिलं करपलं, दुसरं करपलं. शेजारचा कुत्रा त्या महिन्यात चांगला गुबगुबीत झाला.

खऱ्या परीक्षेला शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून मिसेस प्रॉव्हिडन्स परीक्षक म्हणून आल्या होत्या. उंच, चष्मेवाल्या, चपलांचा आवाज न करता फिरणाऱ्या. प्रत्येकीने आपल्या कामाची वेळ आधीच कागदावर लिहून दिली होती आणि त्या कागदाबरहुकूम चालण्यालाही गुण होते.

मी पातेलं रचलं. तळाला निरफणसाच्या फोडी आणि कच्ची केळी, मग खारवलेलं मांस, त्यावर कणकेच्या लांबट वळ्या, एक अख्खी मिरची, आणि सगळ्यावर अळूची पानं गोधडीसारखी पांघरली. हळद घातलेलं नारळाचं दूध ओतलं. झाकण ठेवलं. बसलं! टक्क करून बसलं. मी डेलिसियाकडे बघितलं. तिने बघितलं नाही असं दाखवलं.

मग वाट बघायची. आजूबाजूला कुकरच्या शिट्ट्या, भांड्यांचा खणखणाट. मी वाकून कान झाकणाजवळ नेला. आधी रटरट, नुसती रटरट. मग ती जाड झाली. आणि मग, माझ्या कागदाप्रमाणे अजून बराच वेळ बाकी असताना, तळाशी बारीक चर्र झालं.

दूध आटलं की तेल सुटतं आणि तळ बोलायला लागतो. पण इतक्या लवकर? घरी कधी इतक्या लवकर बोलला नव्हता. झाकण उघडून बघावं तर वाफ जाणार, वळ्या बसणार. थांबावं तर करपणार. कागद म्हणत होता थांब. कान म्हणत होता बंद कर.

मी गॅस बंद केला.

मिसेस प्रॉव्हिडन्स लगेच शेजारी येऊन उभ्या. "तुझ्या कागदाप्रमाणे अजून वेळ आहे ना?"

"हो, मिस. पण पातेलं झालं म्हणतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. बदल केला असशील तर कारण कागदाखाली लिही, एवढंच म्हणाल्या. मी लिहिलं, शाळेच्या पातेल्याचा तळ पातळ आहे, दूध लवकर आटलं. पेन खाली ठेवलं. डेलिसिया पुटपुटली, "कच्चं निघालं तर माझी मॅकरोनी देते हं तुला."

झाकण काढलं. अळू मऊ होऊन खाली बसलेलं, मिरची शाबूत, फोडी पिवळ्याधमक, आणि तळाला आरशासारखं तेल. करपल्याचा एक ठिपका नाही. मिसेस प्रॉव्हिडन्सनी चमचा तळापर्यंत खुपसला, चव घेतली, लिहिलं. चेहऱ्यावर काही नाही. पण जाताना माझं झाकण त्यांनी पुन्हा नीट बसवलं, गार होऊ नये म्हणून. मला तेवढं पुरलं.

ऑगस्टमध्ये निकाल आला. पहिली श्रेणी! आईने रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, दोघांना तर दोनदा.

त्या शनिवारी किनाऱ्यावर मोठं पातेलं चढलं. मी सवयीने सुरी घेऊन निरफणसापाशी बसले, तर पप्पांनी माझ्या हातातली सुरी काढून डेलिसियाला दिली. ती म्हणाली, वा, म्हणजे मी आता सोलणारी? पप्पांच्या दोस्तांनी ओरडून विचारलं की आज उपाशी मारणार का. पप्पांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ते वाळूत थोडे सरकून बसले आणि आपली जागा थोपटून म्हणाले, "ये, पोरी. रच. मी दुरून ऐकतो."

मी बसले. आणि या वेळी माप अख्ख्या आळीचंच होतं.